लायब्ररीत ‘आज कार्यक्रम आहे’ म्हणतात तेव्हा : साताऱ्यात नव्यानं शिकायला आलेल्यांसाठी

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मेढ्याहून सकाळच्या एसटीनं आले, स्टँडवरून चालत लायब्ररीत पोचले, तर रीडिंग रूममधली टेबलं भिंतीला सरकवलेली आणि खुर्च्यांच्या रांगा लागलेल्या. शिपाईमामा म्हणाले, “आज बसायला मिळणार नाही बाई, कार्यक्रम आहे.” मी तणतणत परत फिरले. पुढच्या वर्षी प्रोजेक्टसाठी शोधगंगा (पीएच.डी.च्या प्रबंधांचा ऑनलाईन साठा) कशी वापरायची हे ज्याला-त्याला विचारत हिंडले, तेव्हा कळलं की त्या दिवशीचा कार्यक्रम नेमका त्यावरच होता.

आता मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते आणि दर वर्षी नव्या मुलामुलींच्या तोंडून तीच तणतण ऐकते. म्हणून हे लिहून काढलं.

साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं, म्हणजे छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज, एकत्र करून झालेलं हे समूह विद्यापीठ. जिल्ह्यातली इतर कितीतरी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. तुम्ही कुठेही असा, लायब्ररीच्या कार्यक्रमांचा साचा फारसा बदलत नाही. पुढे जिथे काही चुकल्याचं सांगितलंय तिथे मी कॉलेजचं नाव घेतलेलं नाही. बऱ्याच वेळा चूक माझीच होती, हेही खरं.

१. सगळ्यात आधी : कॉलेजकडे असलेला ईमेल तुमचाच आहे का?

हसू नका. माझा प्रवेशाचा फॉर्म नेट कॅफेत भरला गेला. फॉर्म भरणाऱ्या दादांनी ईमेलच्या रकान्यात स्वतःचाच ईमेल टाकला, कारण ओटीपी पटकन मिळतो. मोबाईल नंबर वडिलांचा. कॉलेजच्या दप्तरी तेच चढलं. मग लायब्ररीनं सगळ्यांची एन-लिस्टची (ऑनलाईन पुस्तकं आणि नियतकालिकं वाचायच्या सोयीची) लॉगिन काढली. माझा युजरनेम आणि पासवर्ड गेला दादांच्या इनबॉक्सात, तिथे तो कुणी बघणार? कार्यशाळेला मी दीड तास शेजारच्या मुलीच्या स्क्रीनकडे मान तिरकी करून बसले. मान दुखली, एवढंच पदरात पडलं.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे करा. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आपल्या नावावर कुठला ईमेल आणि नंबर आहे ते विचारा. चुकीचा असेल तर साध्या कागदावर अर्ज द्या, सोबत आयकार्डाची झेरॉक्स. आणि इथेच बहुतेकजण थांबतात : ऑफिसात बदललं म्हणजे लायब्ररीत बदललं असं नाही. लायब्ररीचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. कुठे कोहा असतं, कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) इन्फ्लिबनेट केंद्राचं सोल. त्यात तुमची नोंद वेगळी केलेली असते. काउंटरवर जाऊन तिथलाही ईमेल बदलून घ्या, आणि बदलल्यावर स्क्रीन दाखवा म्हणावं. एका अक्षराचा फरक असतो आणि वर्ष जातं.

लायब्ररी कार्ड त्याच फेरीत करून टाका. लागणारे कागद :

- प्रवेशाची फी पावती (मूळ दाखवायला, झेरॉक्स द्यायला)
- कॉलेजचं आयकार्ड. अजून आलं नसेल तर बोनाफाईड
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- आधारची झेरॉक्स (सगळीकडे मागत नाहीत, पण मागितली तर झेरॉक्सच्या दुकानापर्यंत हेलपाटा वाचतो)
- पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक) आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर), वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेले

पीआरएन प्रत्येक फॉर्मवर मागतात. मोबाईलमध्ये शोधत बसलं की मागची रांग खेकसते.

२. वर्षातले ठरलेले दिवस लक्षात ठेवा

नोटीस लागायची वाट बघावीच लागत नाही, असे कार्यक्रम वर्षात बरेच असतात. तारखेवरून ते आधीच ओळखता येतात. लायब्ररीला ते घ्यायचेच असतात, फोटोसह अहवाल पाठवायचा असतो.

१२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन (जन्म १८९२) यांच्या नावानं. या सुमाराला नव्या मुलांसाठी ग्रंथालय परिचय ठेवतात, तो चुकवू नका. २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती; त्या आठवड्यात साताऱ्यात रयतच्या कॉलेजांत शिरलात तर भाषण, रांगोळी, ग्रंथप्रदर्शन यांपैकी काहीतरी चालू सापडेलच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही मराठीचे कार्यक्रम होऊ लागलेत. १५ ऑक्टोबर, डॉ. कलाम यांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन.

७ नोव्हेंबर मात्र आपला, साताऱ्याचा. १९०० साली याच दिवशी डॉ. आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं. राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून होतो. साताऱ्यात शिकणाऱ्यानं त्या दिवशी नुसतं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवून भागवू नये, असं मला वाटतं. पाठोपाठ १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह येतो.

जानेवारीत ३ तारखेला सावित्रीबाई फुले जयंती (नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं), मग १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, आणि २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो, पण तोवर परीक्षेची धास्ती लागलेली असते, कुणी फिरकत नाही.

रविवार किंवा दिवाळीची सुट्टी आली की हे दिवस पुढेमागे सरकतात. तेव्हा चार दिवस आधी काउंटरवर विचारा, “मॅडम, यंदा वाचन प्रेरणा दिनाला काय आहे?” मॅडम बहुधा खूशच होतात. कधीकधी सूत्रसंचालनही गळ्यात पडतं.

खऱ्या कामाच्या कार्यशाळा मात्र या दिवसांना बांधलेल्या नसतात. माझ्या पाहण्यात त्या ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत येतात, दोन परीक्षांच्या मधल्या मोकळ्या वेळेत. त्या काळात नोटीस बोर्डावर नजर ठेवा.

३. नोटीस कुठे लागते, आणि ती कशी वाचायची

लायब्ररीच्या दारातल्या बोर्डावर आधी लागते. मग विभागप्रमुखांच्या ग्रुपवर, मग वर्गप्रतिनिधीकडे, आणि शेवटी तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर, जिथे ती ‘सर आज लेक्चर आहे का’ या प्रश्नांच्या खाली गाडली जाते. तोवर जागा भरलेल्या असतात. येता-जाता बोर्ड बघायची सवय लावा. मोबाईलनं फोटो काढा.

वाचताना चार गोष्टी बघा : तारीख (सालासकट), वेळ, स्थळ, आणि कार्यक्रम कुणासाठी आहे. साल का, तर मागच्या वर्षीची पीडीएफ यंदा ग्रुपवर फिरते. आम्ही चौघी एकदा अशाच एका नोटिशीवर विसंबून सकाळी दहाला हजर झालो. हॉलला कुलूप. नोटिशीवर वर कोपऱ्यात जावक क्रमांकाशेजारी साल होतं, तेवढंच कुणी बघितलं नव्हतं. स्थळही नीट बघा : ‘सेमिनार हॉल’ एकाच आवारात दोन-तीन असू शकतात.

४. नोंदणी

आता सगळीकडे क्यूआर कोड आणि गुगल फॉर्म. चारच सूचना.

प्रमाणपत्रावर नाव जसं हवं तसंच फॉर्मात भरा : पूर्ण नाव, मार्कशीटवरच्या स्पेलिंगप्रमाणे. नाव तिथून जसंच्या तसं उचललं जातं, कुणी दुरुस्त करत नाही. माझं एक प्रमाणपत्र नुसत्या पहिल्या नावाचं आहे, तेही पहिलं अक्षर छोटं. फाईलला लावायची लाज वाटते.

फॉर्म सबमिट झाल्यावर येणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

आणि कार्यशाळा कॉम्प्युटर लॅबमध्ये असेल तर जितके चालू संगणक तितक्याच जागा, हे गृहीत धरून त्याच दिवशी नोंदवा. जागा संपल्या असतील तर तोंड पाडून परत जाऊ नका. स्वतःचा लॅपटॉप आणला तर बसू द्याल का, असं विचारा. निम्म्या वेळा हो म्हणतात.

तासाच्या वेळेत कार्यक्रम असेल तर आधी वर्गशिक्षकांना सांगा. नंतर हजेरीसाठी सह्या मागत फिरणं फार वाईट.

५. कुठल्या कार्यक्रमाला जायचं?

सगळ्याला नको. पहिल्या वर्षात खालचे चार केले तरी पुष्कळ.

ग्रंथालय परिचय. यात कंटाळवाणा भाग असतो (नियम, दंड, मोबाईल बंद), तो सोसा. कामाचा भाग म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरचा आकडा. पुस्तकांना विषयानुसार आकडे देण्याच्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला, भारताचा इतिहास ९५४ ला. हे कळलं की ओपॅकवर (लायब्ररीच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत) शोधायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि थेट कपाटाशी जायचं. शेजारची चार पुस्तकं त्याच विषयाची मिळतात, ती ओपॅकमध्ये तुम्ही कधी शोधलीच नसती. तुमच्याकडे स्टॅकमध्ये (पुस्तकांच्या कपाटांपर्यंत) सोडत नसतील तर परिचयाच्या दिवशी तरी आत नेतात. तेवढ्यात आपल्या विषयाचं कपाट बघून ठेवा.

ई-साधनांची कार्यशाळा. इथे दोन नावं कानावर पडतील आणि त्यांची खिचडी होईल. एन-लिस्ट ही सरकारी आणि अनुदानित कॉलेजांसाठीची इन्फ्लिबनेटची सोय. कॉलेज वर्गणी भरतं, लायब्ररी तुमचं नाव चढवते, लॉगिन ईमेलवर येतं (स्पॅममध्येही बघा). ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची नवी योजना, १ जानेवारी २०२५ पासूनची, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं. ती केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे. आपली संस्था तिच्या यादीत आहे का, हा प्रश्न कार्यशाळेत पहिल्या पाच मिनिटांत विचारा. नसेल तर पुढचा तासभर दुसऱ्याच्या ताटातलं बघत बसाल.

शोधगंगा. माझी आवडती. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध, पूर्ण मजकुरासह, फुकट. पण नुसता विषय टाकून बसलात तर हाती काही लागत नाही. माझा प्रोजेक्ट साताऱ्याच्या प्रतिसरकारवर होता. ‘प्रतिसरकार’ टाकलं, मोजकंच आलं. कार्यशाळेतल्या सरांनी (हो, दुसऱ्या वर्षी मी गेले) फळ्यावर एका विषयाची पाच नावं लिहिली : प्रतिसरकार, पत्री सरकार, ही दोन्ही पुन्हा रोमन लिपीत, आणि इंग्रजीतलं ‘पॅरलल गव्हर्नमेंट’. एकेक करून टाकली तर प्रत्येक वेळी वेगळी यादी. त्यात आणखी एक गंमत : १९४९ पर्यंत सांगली जिल्हा असा नव्हताच, तो मुलूख बराचसा सातारा जिल्ह्यात होता. त्यामुळे शीर्षकात सांगली असलेले प्रबंधही माझ्या कामाचे निघाले. तुमच्या विषयाची अशी नावांची यादी घरून करून जा. मराठी, इंग्रजी, जुनं स्पेलिंग, नवं स्पेलिंग, सगळं.

प्रबंध सापडला की तो प्रकरणवार वेगवेगळ्या फायलींत असतो. पहिली फाईल उघडून मुखपृष्ठ आणि प्रमाणपत्रं वाचत बसू नका. शेवटची संदर्भसूची आधी उघडा. कुठल्या दप्तरखान्यात, कुठल्या जुन्या वर्तमानपत्रात साधनं आहेत ते तिथे मिळतं. जुन्या मराठी प्रबंधांतला मजकूर कॉपी केला तर अक्षरांचा चिवडा होतो, कारण फाँट युनिकोड नसतो किंवा पानं स्कॅन केलेली असतात. हातानं टिपणं काढा, इलाज नाही.

वाङ्मयचौर्य आणि संदर्भ देण्याची कार्यशाळा. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत : दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, चाळीसच्या वर साठपर्यंत एक वर्ष सादर करायला बंदी, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश या मोजणीत धरत नाहीत. कार्यशाळेत झोटेरो हे संदर्भ नोंदवायचं सॉफ्टवेअर दाखवतात. ते फुकट आहे. घरून आधीच उतरवून न्या, कारण तीसजण एकदम डाउनलोड करायला लागले की कॉलेजचं वायफाय मान टाकतं. शिकवणारे बहुधा इंग्रजी लेख घेऊनच दाखवतात. तुम्ही मराठी पुस्तक भरून बघा आणि आडनाव-नावाच्या रकान्यात काय होतं ते तिथेच विचारा.

बाकीचं थोडक्यात. ग्रंथप्रदर्शन नुसतं फिरून बघायचं नसतं. विक्रेत्यांनी पुस्तकं आणलेली असतील तर लायब्ररीसाठी कुठली घ्यावीत याची शिफारस विद्यार्थ्यांनाही करता येते. मागणीचा फॉर्म काउंटरवर मागून घ्या, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत भरा. माझ्या शिफारशीवर आलेल्या एका पुस्तकाचा पहिला शिक्का माझ्याच नावावर आहे. एनडीएलआय (राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय) क्लबचे ऑनलाईन कार्यक्रम काही चांगले असतात, काही निव्वळ प्रमाणपत्रासाठी. व्याख्यानांचं काय सांगू. वक्ता कोण आहे बघून ठरवा. वाचन प्रेरणा दिनाला मात्र जाच. भाषणं आटपली की सगळे मुकाट्यानं वाचत बसतात. दोनशे मुलांमध्ये पानं उलटण्याचा आवाज मी तिथेच पहिल्यांदा ऐकला.

६. जाताना बरोबर काय न्यावं

आयकार्ड (दारात अडवतात), वही-पेन, चार्जर, आणि पाण्याची बाटली. दप्तर प्रॉपर्टी काउंटरवर ठेवावं लागतं. पैसे आणि मोबाईल काढून घ्या, टोकन हरवू नका. पावसाळ्यात ओली छत्री आत नेली तर मामा ओरडतील, आणि ते बरोबर आहे. शेजारी पुस्तकं असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपला एक अडलेला प्रश्न. कागदावर लिहून न्या. ‘मला माहिती हवी आहे’ असा नको, ‘१९४२ नंतरची साताऱ्याची वर्तमानपत्रं कुठे मिळतील’ असा.

७. कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नका

आभारप्रदर्शन झालं की मुलं चहा-बिस्किटाकडे धावतात. तुम्ही तो कागद घेऊन ग्रंथपालांकडे जा. त्या पंधरा मिनिटांत मला जे मिळालं ते व्याख्यानात कधी मिळालं नाही. माझा वर्तमानपत्रांचा प्रश्न ऐकून ग्रंथपाल मॅडमनी काही शोधलं नाही, कपाटाची किल्ली काढली. खालच्या खणात बांधीव फायली होत्या, ओपॅकवर त्यांची नोंदच नव्हती. अशा वस्तू प्रत्येक जुन्या लायब्ररीत असतात आणि त्या फक्त तिथल्या माणसांना माहीत असतात.

८. प्रमाणपत्र

फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय ते येत नाही, आणि त्या फॉर्मची लिंक बऱ्याचदा शेवटच्या पाच मिनिटांतच देतात. त्यात ईमेल तोच टाका, जो नोंदणीत टाकला होता. आठ दिवसांत आलं नाही तर विचारा. महिन्यानंतर विचारलं तर ज्यानं कार्यक्रम घेतला तो पुढच्या कार्यक्रमात अडकलेला असतो. आलं की नाव आणि तारीख तपासून ड्राईव्हवर ठेवा. पण एका दिवसात तीन-तीन वेबिनार लावून प्रमाणपत्रं गोळा करणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. मुलाखतीत अशा गठ्ठ्यातलं एक उचलून “यात काय शिकलात?” विचारलेलं मी शेजारी बसून पाहिलंय. उत्तर देणाऱ्याची दयाच आली.

९. आवाराबाहेरचे कार्यक्रम

लायब्ररीची सहल निघाली आणि ती भिलारला असेल तर नाव द्या. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव मे २०१७ मध्ये सुरू झालं. गावातल्या घरांमध्ये, देवळात विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओटीवर बसून वाचा.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. खर्डेकर ग्रंथालयात काही असेल तर जाण्याआधी आपल्या ग्रंथपालांचं पत्र घ्या : तुम्ही कोण, कशासाठी येताय, किती दिवस. सही आणि शिक्का दोन्ही. पत्राविना गेलात आणि दारात थांबावं लागलं तर सव्वाशे किलोमीटरचा प्रवास वाया. एसटीचा विद्यार्थी पास फक्त घर ते कॉलेज या मार्गावर चालतो, तेव्हा तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा. मुलींना अर्धं तिकीट आहे.

आणि मेढा, पाटण, कोरेगावकडून येणाऱ्यांनी संध्याकाळच्या कार्यक्रमाला जाताना आपल्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारून यावी. पत्रिकेत ‘समारोप ५ वाजता’ असतं. आभार मानणारे सर सहा वाजले तरी अजून प्राचार्यांपर्यंतच आलेले असतात. दाराजवळची खुर्ची धरा.